माइकवर घेतलेलं नाव

हे लिहायला मला अकरा वर्षं लागली. त्यातली दहा आळसात गेली, हे आधीच कबूल करते. गेल्या महिन्यात ओळखीतल्या एका मुलीला दवाखान्याचा कागद चौपदरी घडी करून पर्सच्या तळाशी लपवताना पाहिलं आणि म्हटलं, आता बसावं. तुमच्याकडेही तसा कागद असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. औषधांची नावं यात मिळणार नाहीत, ती डॉक्टरांना विचारा. भीती कशी वागते आणि भीतीपोटी घरातली माणसं कशी वागतात, तेवढं मात्र मला ठाऊक आहे.

आणीबाणी उठली त्या वर्षाची दिवाळी नुकतीच झाली होती. मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते, वय अडतीस. घर शिवाजी पेठेत. घरात आमचे हे, दहा वर्षांची लेक वैशाली आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणे. एक दिवस अंघोळ करताना उजव्या स्तनात हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणून मी खूश होते. न दुखणाऱ्या गाठीवर असं खूश होऊ नये, हे मला फार उशिरा कळलं.

गाठीचा तुकडा तपासायला गेला आणि आठ दिवसांनी बोलावणं आलं. डॉक्टरांनी मला बाहेर बाकावर बसवलं आणि ह्यांना आत घेतलं. शरीर माझं आणि बातमी नवऱ्याला, अशी तेव्हा रीत होती. दहा मिनिटांनी हे बाहेर आले ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "काय न्हाय, साधी गाठ हाय. काढून टाकत्यात."

घरी येताना वाटेत थांबून त्यांनी मला दोन गजरे घेतले. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. जिल्हा परिषदेत कारकुनी करणाऱ्या ह्या माणसानं फुटबॉलच्या बुटांखेरीज दुसरी कुठली वस्तू हौसेनं विकत घेतलेली मी पाहिली नव्हती. गजरे हातात आले आणि मला कळायचं ते कळलं.

"कॅन्सर आहे का?" मी विचारलं.

"हळू बोल की," ते म्हणाले आणि भर रस्त्यात रडायला लागले. मी त्यांना हाताला धरून घरी आणलं.

* * *

ऑपरेशन कोल्हापुरातच झालं. बायकांच्या वॉर्डात बारा खाटा. पहाटे ताप बघायचा, सहाला पाणचट चहा, मग फरशी पुसणारी बाई, मग डॉक्टरांची फेरी. त्यानंतर चार वाजता भेटायला येणाऱ्यांना सोडेपर्यंत काहीच नाही. लोक म्हणतात रात्र वैरीण. माझी भीती दुपारी दोनला यायची, पंखा घरघरत असताना, आणि चारपर्यंत उशाशी बसून राहायची.

शेजारच्या खाटेवर कोडोलीची एक बाई होती. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "तुमची गाठ कुठं?" मी दाखवली. तिनं गळ्यावरची तिची दाखवली. वॉर्डात सगळ्यांना गाठच झालेली होती. खरा शब्द कुणी उच्चारत नव्हतं, नर्ससुद्धा नाही. तो उच्चारला तर भिंतीतून निघून कुणाच्या तरी खाटेवर येऊन बसेल, असंच सगळ्यांना वाटत असावं. मलाही वाटे, आणि मी तर विज्ञान शिकवणारी.

उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. तेव्हा हे रोज कचेरी सुटली की येत आणि माझी वेणी घालत. बुटाची नाडी आवळावी तशी आवळत. माझे डोळे वर ओढले जात आणि कोडोलीची बाई तोंडाला पदर लावून हसे. दुखायचं, पण "सैल घाला" असं मी एकदाही म्हटलं नाही. दिवसभरात तेवढाच वेळ ते माझ्या अंगाला न घाबरता हात लावत होते.

* * *

घरी आले तर कळलं की मला अपेंडिक्स झालं आहे. आत्याबाईंनी अख्ख्या पेठेला तसं सांगून ठेवलं होतं. महिनाभर बायका अपेंडिक्स बघायला येत होत्या. एकीनं विचारलंच, "अपेंडिक्सला हात गं कशापायी बांधलाय?"

"मोरीत पडली," आत्याबाई म्हणाल्या. खोटं बोलताना त्यांचा आवाज आणखी चढे.

माझा कप त्यांनी वेगळा केला. हा रोग शिवल्यानं होत नाही, असं मी त्यांना दोनदा समजावलं. "तुझं शास्तर तुझ्या कालिजात," त्या म्हणाल्या. मला राग यायचा. पण घरातल्या दुधाची सगळी साय त्याच वेगळ्या कपात पडत होती, हेही लिहिलं पाहिजे.

त्यांच्या वागण्याचं कारण मला माहीत होतं. सात वर्षांपूर्वी माझ्या नणंदेला, इंदूवन्संना, हाच आजार झाला होता. त्यांना दिलं होतं शाहूवाडीकडे. सासरच्यांनी त्यांना शेक घ्यायला मुंबईला नेलं आणि त्या तिथंच गेल्या. आत्याबाई सोबत गेल्या नव्हत्या. लोकांना त्यांनी कावीळ झाली असं सांगितलं आणि त्या दिवसापासून लेकीचं नाव तोंडातून काढलं नाही. फोटोसुद्धा ट्रंकेत तळाला गेला.

आणि आता डॉक्टर मला सांगत होते, जखम भरली, महिन्याच्या आत मुंबईला जा आणि पाच आठवडे विजेचा शेक घ्या, नाहीतर ऑपरेशन वाया जाईल.

"मुंबईला जायाचं न्हाय," आत्याबाई म्हणाल्या. "माझी एक गेली ती परत आली न्हाय. दुसरी धाडणार न्हाय."

हे आईपुढं कधी बोलत नसत, तेव्हाही बोलले नाहीत. आणि मी? खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. किरणोत्सर्ग मी दरवर्षी फळ्यावर ऐटीत शिकवत होते आणि तो अंगावर घ्यायची वेळ आली तेव्हा सासूच्या पदराआड लपले. मरणापेक्षा त्या यंत्राची भीती मोठी वाटत होती. दिवस चालले होते आणि आम्ही तिघंही त्या विषयाला बगल देऊन वैशालीच्या अभ्यासाबद्दल बोलत होतो.

* * *

कॉलेजात रजेचा अर्ज दिला, त्याला दाखला जोडावा लागला, आणि तो दाखला आमच्या खेळाच्या शिक्षकांनी, इंगवले सरांनी, प्राचार्यांच्या टेबलावर उलटा वाचला. दुसऱ्या दिवशी ते घरी हजर. सोबत फुटबॉल संघाचा कप्तान दस्तगीर मुजावर. हा माझाच विद्यार्थी. मैदानावर वाघ आणि प्रयोगशाळेत आठवड्याला एक परीक्षानळी फोडणार.

सरांची बायको दोन वर्षांपूर्वी वारली होती. आम्हाला सगळ्यांना हार्टनं गेली असंच माहीत होतं.

"हार्ट नव्हतं," सर म्हणाले. "पोटाचा कॅन्सर. कुणाला सांगितलं नाही, म्हणून कुणी आलं नाही. पाठीवर हात ठेवायलासुद्धा कुणी नव्हतं हो, बाई."

त्यांनी सामना ठरवला होता. कॉलेजचा संघ विरुद्ध कॉलेजचे जुने खेळाडू. जमेल त्यातून जिल्ह्यातल्या पेशंटांचा मुंबईला जाण्या-राहण्याचा खर्च. मला त्यांनी मुंबईची तारीख विचारली. मी म्हटलं, मी जाणार नाही. त्यावर दस्तगीरनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"बाई, तुमचं नाव घालतो की पत्रकावर," तो म्हणाला.

"घातलंस तर प्रॅक्टिकलला नापास करीन."

शेवटी तडजोड झाली. चषक माझ्या हस्ते द्यायचा आणि पत्रकावर नाव तेवढ्यापुरतं टाकायचं. प्राध्यापक बाईंनी बक्षीस दिलं तर कुणाला काय संशय येणार? आत्याबाई स्वयंपाकघरात होत्या म्हणून हे सगळं आम्ही कुजबुजत बोललो. इंगवले सरांना कुजबुजता येत नाही, ही गोष्ट वेगळी.

* * *

कोल्हापुरात फुटबॉलच्या चषकाला जिवंत माणसाचं नाव नसतं. चषक म्हणजे कुणाच्या तरी स्मरणार्थ, आणि स्मरण म्हणजे वारलेल्याचं. छापखान्यातल्या जुळारी मामांनी जन्मभर तशीच पत्रकं जुळवलेली. त्यांना कागदावर "चषक" दिसला, शेजारी बाईचं नाव दिसलं आणि हात सवयीनं अक्षरांच्या खिळ्यांकडे गेला. दस्तगीरनं छापायच्या आधी तपासलं ते फक्त सामन्याची वेळ आणि खेळाडूंची नावं. बाकी वाचण्यासारखं त्याला काही वाटलंच नाही.

सामन्याच्या तीन दिवस आधी सकाळी पेठेतल्या भिंतीभिंतीवर पत्रक लागलं. "कॅन्सरग्रस्तांच्या मदतीसाठी फुटबॉल सामना. कै. सौ. सुमन माने स्मृती चषक."

मी खाली बसून लसूण सोलत होते. दारात एकदम रडण्याचा आवाज आला. चार बायका डोक्यावरून पदर घेऊन, गळा काढून ओसरीवर आलेल्या. काय झालं बघायला मी बाहेर गेले.

पुढची बाई मधेच थांबली. "आगं बया, ही हाय की हितं," ती म्हणाली.

मागची थोडी हिरमुसली. "मग चषक कुणाचा म्हणायचा?"

मी हसत सुटले. टाक्यांच्या व्रणावर हात दाबून हसले. कितीतरी दिवसांनी मी अशी हसत होते. पण आत्याबाईंकडे पाहिलं आणि हसू गेलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. बायका गेल्या. पत्रकातला तो शब्द आणि माझं नाव यांची सांगड घालायला पेठेला दुपारपर्यंतचा वेळ पुरला. आत्याबाईंनी पत्रक चुलीत घातलं आणि म्हणाल्या, "अपशकुन झाला. आता उंबऱ्याच्या भाईर पाऊल टाकायचं न्हाय. मुंबईचं तर नावच काढू नगंस."

संध्याकाळी दस्तगीर आला. त्याच्या हातांना कोपरापर्यंत शाई. सगळ्या पोरांनी मिळून दिवसभर हिंडून भिंतीभिंतीवरचा "कै." काळा केला होता.

"चुकलं, बाई," तो दारातूनच म्हणाला.

आत्याबाई त्याला अर्धा तास बोलल्या. त्यानं मान खाली घालून सगळं ऐकलं. सकाळपासून उपाशी आहे हे कळल्यावर त्यांनी त्याला चहा आणि दोन भाकरी दिल्या. म्हणजे बोलणं चालूच होतं, नुसती भाकरी मधे आली.

खाऊन झाल्यावर तो म्हणाला, "आज्जी, माझा बाप घशाच्या कॅन्सरनं गेला. आम्ही लोकास्नी दमा सांगितला. दमा म्हटल्यावर मुंबईला कसं न्हेणार? न्हेलंच न्हाय. तीन वर्सं घरात खोकत बसला. न्हेला असता तर जगला असता का न्हाय, ठाव न्हाय. पर मला रोज वाटतंय, न्ह्यायला पायजे हुतं."

आत्याबाई ताट उचलून आत गेल्या.

* * *

रविवारी मी निघाले तर त्या चपला घालून दारात उभ्या. "एकटी सोडणार न्हाय तुला. मी बी येतो," म्हणाल्या. आमच्याकडे बायकाही "मी येतो" म्हणतात आणि आत्याबाईंच्या तोंडी ते शोभूनही दिसे. जन्म पेठेत गेला, पण मैदानात त्या पहिल्यांदाच येत होत्या.

मैदान भरलं होतं. हे पलीकडच्या बाजूला मित्रांत उभे. आम्ही दोघी अलीकडे बायकांच्या खुर्च्यांवर. डॉक्टरांनी दिलेल्या महिन्यातले आठ दिवस उरले होते आणि मी ते मोजत नसल्याचं सोंग करत होते.

आमच्या फुटबॉलमध्ये माइकवरून बक्षिसं पुकारतात. गोल करील त्याला अमक्यांकडून एकवीस, तमक्यांकडून एक्कावन्न. पुकारणारा चांगला असला की प्रेक्षकांनाही चेव येतो. त्या दिवशी माइक इंगवले सरांच्या हाती होता. पहिली दहा मिनिटं नेहमीसारखी गेली. मग सर एकदम थांबले.

"पहिला गोल करील त्याला माझी पत्नी मालती हिच्या नावानं बक्षीस. मालती कॅन्सरनं गेली."

मैदानात तो शब्द भोंग्यातून घुमला. कुजबुज थांबली. खेळणारेसुद्धा क्षणभर थबकले असावेत, कारण चेंडू आपोआपच बाहेर गेला.

मग पागोट्यातला एक म्हातारा टेबलाशी गेला. सरांनी वाचलं, "कोडोलीचे पाहुणे, भावाच्या नावानं. जिभेचा कॅन्सर." मग एक तांबोळी, आईच्या नावानं. मग आमच्याच कॉलेजचा शिपाई, जो माझ्यासमोर रोज घंटा वाजवायचा, धाकट्या मुलीच्या नावानं. रांग लागली. दस्तगीरच्या पायात चेंडू होता, तो तसाच सोडून तो टेबलाकडे ओरडला, "सर, माझ्या बाचं नाव घ्या. बाबालाल मुजावर." कॉलेजवर एक गोल झाला, तो कुणी पाहिलाच नाही. ह्या सगळ्यांना मी वर्षानुवर्षं ओळखत होते आणि ह्यातलं काहीच मला माहीत नव्हतं.

शेजारची खुर्ची सरकली. आत्याबाई उठल्या होत्या. मला वाटलं घरी निघाल्या. त्या सरळ मैदानात उतरल्या. टेबल समोरच्या कडेला होतं आणि वळसा घालून जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. नऊवारीचा ओचा सावरत त्या भर सामन्यातून आडव्या चालत गेल्या. पंचांनी शिट्टी वाजवली, मग त्यांना बघून शिट्टी तोंडातून काढली. बावीसच्या बावीस खेळाडू जागेवर उभे राहिले.

सरांनी नाव लिहून घ्यायला कागद पुढं केला. आत्याबाईंनी माइकच ओढून घेतला.

"इंदुमती," त्या म्हणाल्या. "माझी लेक. तिला क्यानसर झाल्ता. सात वर्सं मी कावीळ सांगिटली. कावीळ न्हवती."

पलीकडे हे मटकन खाली बसलेले मी पाहिले.

"तिच्यासंगं मी गेलो न्हाय. भ्यालो." त्या थांबल्या. आम्हाला वाटलं झालं. सरांनी माइक घ्यायला हात पुढं केला, तर त्यांनी तो बाजूला सारला. "आनंदा. आईकतोस न्हवं? उद्याच्या गाडीची तिकिटं काढ. सूनबाईचं आन् माझं. वैशीला तू सांभाळ."

अख्ख्या मैदानानं ह्यांच्याकडे वळून पाहिलं. ह्यांनी बसल्या जागेवरून हात वर केला. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग ती थांबेना. मी तोंडावर पदर घेऊन रडत होते. आता मला जावं लागणार होतं, लपायला पदर उरला नव्हता, आणि तरी गेल्या दोन महिन्यांत मला एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं.

चषक जुन्या खेळाडूंनी जिंकला. मी तो डाव्या हातानं दिला.

* * *

मुंबईच्या इस्पितळात शेकाच्या खोलीबाहेर एक लांब बोळ होता. दोन्ही बाजूंना बाकं, बाकांवर माणसं, सगळ्यांच्या माना खाली. तिथंही कुणी कुणाशी बोलत नव्हतं. पहिल्याच दिवशी आत्याबाईंनी समोरच्या गृहस्थांना भाजीच्या भावाइतक्या सहज विचारलं, "पावणं, कुठलं गाव? कशाचा क्यानसर म्हणायचा?" मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. गृहस्थ गोंधळले. मग सांगायला लागले ते त्यांचा नंबर येईपर्यंत थांबले नाहीत.

शेक स्वतः दुखत नाही, हे तुम्हाला सांगून ठेवते. जड दार बंद होतं आणि आत आपण एकटे उरतो, ते कठीण. पहिले चार दिवस मी आत पाढे म्हणत पडून राहायची. तिसऱ्या आठवड्यात कातडी भाजल्यासारखी काळी पडली, अन्न नको झालं, चिडचिड वाढली. ती सगळी मी आत्याबाईंवर काढली. त्या उलट बोलत आणि पेज भरवत. धर्मशाळेत आम्ही दोघी एकाच कपातून चहा प्यायचो, कारण दुसरा कप आणायचा राहून गेला होता. त्यांनी तो पाच आठवडे आणला नाही.

शेवटच्या दिवशी मी बाहेर आले तर आत्याबाई नेहमीच्या जागी नव्हत्या. बोळाच्या टोकाला नवी आलेली एक बाई बसली होती, माझ्याहून लहान, मांडीवर झाकून धरलेली फाइल. सोबत तिची आई. दोघींचे चेहरे मी ओळखत होते, पाच आठवड्यांपूर्वी आमचे तसेच होते. आत्याबाई त्या आईपुढं खाली फरशीवर बसल्या होत्या आणि तिचा हात त्यांनी हातात घेतला होता.

"नुसती गाठ हाय हो," ती आई म्हणत होती.

"म्हण की," आत्याबाई म्हणाल्या. "क्यानसर म्हण. एकदा म्हणून बघ. काय हुत न्हाय. मी म्हटला, आन् ही बघ माझी सून चालत आली."

ती आई माझ्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू तिनं तो शब्द म्हटला. तिच्या मुलीनं चमकून वर पाहिलं आणि फाइलवरचा हात काढून आईच्या पाठीवर ठेवला. आमच्या गाडीला अजून दोन तास होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.